पडलो ते सांगितलं नाही

२०२३ साल. मी तेव्हा एकोणसत्तर वर्षांचा होतो आणि आष्टीकडच्या आठ-दहा गावांत माझ्या हातची भिंत कोणी दुसऱ्यांदा मोजून पाहत नसे. मला सगळे दौलत मिस्त्री म्हणतात. शिक्षण चौथीपर्यंत. त्यामुळे लिहिताना कुठं चुकलं तर चुकलं, मी ते पुसत बसणार नाही.

लिहायला बसण्याचं कारण सांगतो. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात माझ्यासारखं एकाचं दोन दिसणारे आणखी तिघं भेटले. त्यांतल्या दोघांनी डॉक्टरपासून काही ना काही लपवलं होतं. तिसऱ्याचं मला माहीत नाही. मी तर सगळ्यात जास्त लपवलं होतं. हे वाचून एकानं जरी वेळेवर तोंड उघडलं तरी बस झालं. पण गोड काही लिहिणार नाही, कारण गोड काही घडलं नाही.

*

थंडी सरत आली होती. एका मास्तरच्या घराचा वरचा मजला चालू होता. दुपारच्या सुट्टीत मजूर डबे घेऊन निंबाखाली गेले आणि मी एकटाच बांबूच्या पायाडावर, म्हणजे परांचीवर, राहिलो. दोन विटा बसवायच्या होत्या, त्या बसवून खाली येऊ म्हटलं. फळी सरकली. कशी सरकली ते मला आजही सांगता येत नाही, कारण ती फळी मीच बांधली होती.

खाली रेतीचा ढीग होता म्हणून वाचलो. पण डोकं ढिगाच्या कडेला पडलेल्या विटांवर आदळलं. किती वेळ पडून होतो कोण जाणे. उठलो तेव्हा उजव्या कानामागून रक्त येत होतं. खांद्यावरचा दुपट्टा डोक्याला गुंडाळला, हातपाय हलवून पाहिले, शिडीनं पुन्हा वर चढलो. मजूर आले तेव्हा मी थापी मारत होतो. काय झालं मिस्त्री, असं एकानं विचारलं. वीट निसटून लागली म्हटलं.

आमच्या धंद्यात मिस्त्री पायाडावरून पडला की काम तिथंच संपते. हात-पाय धड असले तरी संपते. लोक म्हणतात, म्हातारा झाला, उद्या आमच्या घरी मेला तर पोलीस कोण निस्तरेल. मीच दोन मिस्त्र्यांबद्दल असं बोललो होतो. म्हणून बोललो नाही. घरी कौसल्येनं, म्हणजे माझ्या बायकोनं, दुपट्ट्यावरचं रक्त पाहिलं. तिलाही विटेचंच सांगितलं. तिनं दुपट्टा धुऊन वाळत घातला आणि काही विचारलं नाही. पन्नास वर्षांत ती कधी कधीच विचारते, आणि विचारते तेव्हा सोडत नाही.

*

तीन-चार दिवसांनी चहा कपाच्या बाहेर ओतला गेला. कप एकावर एक दोन दिसत होते, मी वरच्यात ओतला. मग बाजेवरून उतरताना पाय चुकला. एसटीची पायरी दोन दिसायची, मी नसलेल्या पायरीवर पाय ठेवायचो आणि कंडक्टर दंड धरायचा. कौसल्या समोर बसली की तिच्या कपाळावर आणखी एक कपाळ. आजूबाजूला दोन नाही दिसायचं. वर-खाली दोन.

आता कोणी म्हणेल, असं असताना तू विटा कशा बसवल्या? तेच तर फसलं. आम्ही मिस्त्री लोक सूत पाहतो ते एक डोळा मिटून. भिंतीच्या एका कोपऱ्यावर गाल टेकवायचा, डावा डोळा मिटायचा आणि ताणलेल्या सुतावरून दुसऱ्या टोकापर्यंत नजर न्यायची. पंचावन्न वर्षांची सवय. एक डोळा मिटला की दोनाचं एक होते, हे मला माहीत नव्हतं. मी सूत पाहायचो, सूत एकच दिसायचं, आणि मी म्हणायचो, डोळ्याला काही झालं नाही, थकवा आहे. घरात दोन, कामावर एक. मग रोग कुठं आहे? घरात आहे, असं मी म्हणायचो, आणि घरच्यांवरच चिडायचो.

आष्टीच्या बाजारात चष्म्याच्या दुकानात जाऊन आलो. त्यानं नंबर बदलून दिला. नव्या चष्म्यातून एकाचं दोन आणखी साफ दिसू लागलं.

*

एप्रिलात आमच्या विहाराच्या आवाराची भिंत घेतली. गावच्या विहाराचं काम, म्हणून मजुरी घेतली नव्हती. सूत बांधताना डोळा मिटला, सूत बरोबर बांधलं. पण विटा बसवताना कोणी डोळा मिटून बसवत नाही. हातात थापी, दुसऱ्या हातात वीट, दोन्ही डोळे उघडे. डोळ्यांपुढे दोन सुतं. मी वरच्याला वीट लावत गेलो. मध्येच कधी खालच्याला लावली असेल. सहा थर असे गेले.

रविवारी विहार समितीचे अध्यक्ष आणि दोन-तीन जण पाहायला आले. माझा मुलगा मिलिंदही होता. तो जिल्हा परिषदेत कारकून आहे, वर्ध्याला बोरगाव मेघेत राहतो, महिन्यातून एकदा येतो. अध्यक्षांनी पातळी पाहायची पाण्याची नळी लावली. ते स्वतः पूर्वी माझ्याच हाताखाली काम केलेले. नळी पाहून त्यांनी मान खाली घातली. भिंत या टोकाहून त्या टोकाला चार बोटं चढली होती, आणि मधे पोट काढून बसली होती.

मी म्हटलं, नळीत हवा असेल. त्यांनी पुन्हा लावली. मी भिंतीकडे जायला निघालो आणि विटांच्या ढिगाला अडखळून गुडघ्यावर पडलो.

तेव्हा मिलिंद बोलला. हळू नाही, सगळ्यांना ऐकू येईल असं.

"बाबा, तुमी घेऊन राह्यले का आजकाल?"

माझा बाप दारूनं गेला. दीक्षा घेऊनही त्याची सुटली नाही. अठराव्या वर्षी मी त्या विहारात उभा राहून सांगितलं होतं की मी थेंब घेणार नाही, आणि घेतला नाही. पायाभरणीला मालक बाटली आणतात, स्लॅब पडला की आणतात. मी माझ्या वाट्याची मजुरांनाही देऊ दिली नाही. दर रविवारी पंचशील म्हणतो, त्यातलं पाचवं शील दारूचं. म्हणजे माझा पोरगा मला नुसता दारुडा म्हणाला नाही. दर रविवारी मी तिथं बसून खोटं म्हणतो, असं म्हणाला.

पण त्याहून मला लागलं ते दुसरंच. तिथं चार माणसं उभी होती. चौघंही मला पोरसवदा वयापासून ओळखतात. एकानंही म्हटलं नाही की मिस्त्री पीत नाही. अध्यक्ष एवढंच म्हणाले की जाऊ दे मिलिंद, उन्हाचं होते असं. दुसऱ्या दिवशी दुसरा मिस्त्री बोलावून त्यांनी भिंत उतरवली.

आणि मी काय म्हणालो? काही नाही. सांगता आलं असतं की मी पडलो होतो. पण दारूचं बोलणं निघालेलं असताना पायाडावरून पडलो म्हटलं तर लोक काय समजतील? पिऊन पडला, असंच समजतील. तोंड आवळून घरी आलो.

त्याच दुपारी मी बाजेवर आडवा होतो. जागाच होतो, डोळे तेवढे मिटले होते, कारण मिटले की बरं वाटायचं. कोणी तरी वाकलं. आधी वाटलं कौसल्या आहे. मग साबणाचा वास आला, मिलिंदच्या साबणाचा. तो माझ्या तोंडाशी नाक नेऊन हुंगत होता. दोन वेळा हुंगलं. मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर त्याच्या कानाखाली ठेवून दिली असती, आणि दोन दिसत होते म्हणून कदाचित चुकलीही असती.

*

मे महिन्यात मिलिंदच मला वर्ध्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. कौसल्येनं त्याला फोनवर काय सांगितलं ते मला माहीत नाही. वास आला नव्हता म्हणून त्याला डोळ्याचं सुचलं असावं.

दवाखान्याचं रोजचं सांगतो, म्हणजे जाणाऱ्याला धक्का बसणार नाही. सकाळी आठला चिठ्ठी. मग रांग. मग डोळ्यात थेंब, मग पुन्हा रांग. एक शिकाऊ पोरगी डॉक्टर, तिच्यावर दुसरा डॉक्टर, त्याच्यावर मोठ्या बाई. तिघंही तेच विचारतात, तिघंही नव्यानं लिहितात. एक डोळा झाकतात, उघडतात, दुसरा झाकतात. लाल काच डोळ्यापुढे धरून दिवा दाखवतात आणि लाल रेघ दिव्याच्या वर दिसते की खाली ते विचारतात. डोकं दोन्ही हातांनी धरून एकदा या खांद्याकडे वाकवतात, एकदा त्या. डावीकडे वाकवलं तर दोन दिवे जवळ आले. उजवीकडे वाकवलं तर हातभर लांब गेले.

मोठ्या बाई माझ्या सुनेच्या वयाच्या असतील. त्यांनी माझी मान पाहून विचारलं, "बाबाजी, मान अशी कधीपासून धरता?"

मी म्हटलं, कशी? त्यांनी आरसा दाखवला. मान डाव्या खांद्याकडे कललेली होती. मला पत्ताच नव्हता.

त्यांनी जुना फोटो मागितला. मिलिंदच्या मोबाइलमध्ये त्याच्या लग्नातला होता. त्यात माझी मान सरळ. बाई म्हणाल्या की म्हणजे हे जन्माचं नाही, नव्यानं झालं आहे. डोळा फिरवायला सहा स्नायू असतात, उजव्या डोळ्याच्या एकाची नस लुळी पडली आहे, म्हणून तो डोळा वर सरकतो. शुगर असली तर होतं, बीपी असलं तर होतं, डोक्याला मार लागला तर होतं.

"डोक्याला मार लागला होता का कधी? पडले होते का?"

मिलिंद शेजारी उभा होता.

"नाई," मी म्हटलं.

त्या एका 'नाई'नं काय झालं ते सांगतो. रक्त काढलं, शुगर नाही. बीपी नाही. डोक्याचं मशीन झालं, त्या बोगद्यात अर्धा तास ठोकाठोकी ऐकत पडलो. मेंदूत गाठ आहे का ते पाहत होते. रिपोर्ट यायला चार दिवस लागले; गाठ निघाली नाही. ते चार दिवस कौसल्या बोरगाव मेघेच्या घरात जेवली नाही. पोळी ताटात घ्यायची आणि तशीच झाकून ठेवायची. तिला वाटत होतं मी मरतो. मला माहीत होतं की गाठ-बीठ नाही, विटा आहेत. तरी मी तोंड उघडलं नाही. हे वाचणाऱ्यानं मला शिव्या दिल्या तरी चालतील.

एक बरं झालं. चष्म्याच्या उजव्या काचेवर त्यांनी रेघारेघांची एक प्लास्टिकची पट्टी चिकटवली. काच धुरकट झाली, पण समोर पाहिलं तर बाई एकच. बाहेर आलो तर बाकावर कौसल्या एकच. तिला म्हटलं, तुझं कपाळ जागेवर आलं. ती हसली नाही. पायऱ्यांकडे खाली पाहिलं की मात्र पुन्हा दोन व्हायचं, म्हणून ती माझा हात धरून चालायची. मी हात सोडवून घ्यायचो, ती पुन्हा धरायची.

*

ऑगस्टमधल्या खेपेला मिलिंद औषधं आणायला खाली गेला होता. मोठ्या बाई माझं डोकं धरून वाकवत होत्या. त्यांचं बोट कानामागच्या वणावर थांबलं. केस बाजूला करून त्यांनी पाहिलं.

"बाबाजी, हे काय आहे?"

मी वणावर हात ठेवला.

"हे सांगितलं असतं तर तुमचं मशीन पहिल्याच दिवशी वेगळ्या नजरेनं पाहिलं असतं. तुमच्या घरच्यांचे ते चार दिवस वाचले असते. कुठून पडले?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून असेल. सांगून टाकलं. पायाड, फळी, विटा, दुपट्टा, सगळं. मग म्हटलं की माझ्या पोराला सांगू नका.

त्या म्हणाल्या, "मी नाही सांगणार. पण फाईलमध्ये लिहावं लागेल."

फाईल इंग्रजीत. मला वाटलं इंग्रजीत आहे म्हणजे झाकलेलं आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला असंच वाटते. मिलिंदनं बाहेर बाकावर बसल्या बसल्या वाचलं. वाचून त्यानं फाईल मिटली. मग मला विचारलं, कधी पडले, कुठं, किती उंचीवरून. मी सांगितलं. वाटलं, आता तरी त्याला त्या रविवारचं आठवेल.

तो म्हणाला, "पडले कसे पण? तेव्हा घेतली होती का?"

मी उठलो आणि चालत बस स्टँडवर आलो. पट्टीचा चष्मा काढून एक डोळा मिटून आलो, म्हणजे रस्ता एकच दिसतो. तो मागून मोटारसायकल घेऊन आला, बसा म्हणाला. मी बसलो नाही. तो स्टँडपर्यंत माझ्या मागे हळूहळू गाडी चालवत आला.

*

नस आपली आपण सुधारते का म्हणून सहा-आठ महिने वाट पाहतात. माझी सुधारली नाही. त्या महिन्यांचं लिहिण्यासारखं काही नाही. मिस्त्रीनं घरात बसून काय करायचं? कौसल्येच्या चुलीचा ओटा दोनदा मोडला आणि दोनदा बांधला. ती म्हणाली की तिसऱ्यांदा हात लावाल तर मी बाहेर तीन दगडांवर रांधीन.

ऑपरेशन नोव्हेंबरात झालं. आधी बाईंनी समजावलं. मी विचारलं, ढिला पडलेला स्नायू ताणणार का? त्या म्हणाल्या, नाही, त्याच्या उलट ओढणारा जो जोरात आहे त्याला ढिला करणार. हे मला पटलं. ताणलेल्या सुताला एकीकडून ओढ जास्त झाली तर आम्हीही दुसरीकडचा खिळा ढिला करतो.

डोळ्याच्या खाली सुई टोचतात. ती दुखते, कोणी दुखत नाही म्हटलं तर खरं मानू नका. मग दुखत नाही, पण कोणी तरी डोळा आतून ओढतं ते कळतं. एक नर्सबाई सबंध वेळ माझा हात धरून उभी होती. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डोळा रक्तासारखा लाल. समोरच्या खाटेवरचा माणूस केळ सोलत होता. माणूस एक, केळ एक.

आठ दिवसांनी तपासून बाई म्हणाल्या की समोरचं बरोबर झालं. अगदी खाली आणि डावीकडे पाहिलं तर अजून थोडं दोन होईल, तेवढं राहील. "शिडी, पायाड, उंचावरचं काम आता बंद, बाबाजी." मी हो म्हटलं. मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणेन असं त्याला वाटलं नव्हतं.

तो शनिवार होता. मिलिंद आम्हा दोघांना गावी सोडायला आला. दुपारी अंगणात चहा झाला. कप रिकामा करून तो म्हणाला, "बाबा, तवा एक डाव मी तुमच्या तोंडाचा वास घेतलता."

"मालूम आहे मले."

त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, "चुकलं माझं."

मी म्हटलं, "इथं नको बोलू. जिथं बोलला होता, जेवढ्या लोकायसमोर बोलला होता, तिथं बोल. उद्या रविवार आहे."

तो म्हणाला, आता काऊन उकरता, लोक विसरले. मी म्हटलं, लोक विसरत नाहीत, गप्प बसतात. तो म्हणाला, मी तिथं उभा राहून काय सांगू, माझी पण इज्जत आहे. मी म्हटलं, माझी नव्हती का? आवाज चढला. मिलिंद उठून गाडीकडे गेला, किल्ली लावली, मग तिथंच उभा राहिला.

कौसल्या दारात बसून तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पाचवं पाळलं तुमी. कबूल. अन् चौथ्याचं काय?"

चौथं शील खोटं न बोलण्याचं.

"मले विटेचं सांगतलं," ती म्हणाली. "मजुरायले सांगतलं. डॉक्टरीणबाईले सांगतलं. चार दिवस माह्या घशाखाली घास नाई उतरला. त्याले म्हणता तिथं उभा राहून बोल. तुमी कवा बोलान?"

मी रिकामे कप उचलून मोरीत नेऊन ठेवले. मिलिंद त्या दिवशी परत गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहारात गेलो. वंदना झाली, पंचशील झालं. लोक उठायला लागले तसा मी उभा राहिलो आणि म्हटलं की थोडं बसा. ते बसले. मी म्हणालो, "माघात मी पायाडावरून पडलो होतो. डोक्याला लागलं, त्यानं मले दोन दिसून राह्यले होते. त्यातच इथली भिंत वाकडी गेली. मी लपवलं, डॉक्टरपाशीही खोटं बोललो. दारू नव्हतो पेलो, तवाही नाई, कवाच नाई. आता पायाडावर चढत नाई, कोणाचं काम असन तर दुसरा मिस्त्री पाहा." मिलिंद मागच्या रांगेत बसला होता की नाही, ते मी पाहिलं नाही. चपला घातल्या आणि घरी आलो.